चौदा गुंठ्यांचे प्रकरण: खोती, बोटखत आणि सातबाऱ्यावरील 'साधे कुळ'

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि सावित्रीच्या खाडीच्या दोन्ही काठांवरील बागा त्या एका दुपारी आडव्या झाल्या. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, बाणकोटपासून फार लांब नसलेल्या एका वाडीत चौदा गुंठ्यांचे एक आगर होते. त्यातील बहुतेक पोफळी मुळासकट उपटल्या गेल्या, नारळांचे शेंडे मोडले आणि मधला जुना फणस विहिरीच्या कठड्यावर पडला. यथावकाश पंचनामा झाला. पडलेली झाडे मोजली गेली, फोटो काढले गेले, कागदावर अंगठा आणि सह्या झाल्या. फळबागांसाठी शासनाने हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर केली होती. त्या हिशेबाने या आगराचे सुमारे ७ हजार रुपये होत होते. ते ज्यांनी ही झाडे लावली आणि शिंपली त्या घराला मिळाले नाहीत.

हे आगर कसणाऱ्या गृहस्थांना वाडीत सगळे अप्पा म्हणतात. त्यांचे वय तेव्हा ७४ होते. वाडीतील अर्ज लिहून देण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे असल्याने ते सातबाऱ्याचा उतारा घेऊन माझ्याकडे आले. उताऱ्यावर कब्जेदारांच्या रकान्यात एकतीस नावे होती आणि ती सगळी जुन्या खोत घराण्याची, म्हणजे गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणाऱ्या घराण्याची होती. अप्पांच्या घरातले एकच नाव त्यावर होते, तेही 'इतर हक्क' या रकान्यात, 'साधे कुळ' या दोन शब्दांच्या पुढे, आणि ते होते त्यांच्या आजोबांचे. आजोबा जाऊन अर्धशतक उलटले होते आणि त्यांच्या मागे वारसांची नोंद कोणी घातलेली नव्हती. अप्पा एवढेच म्हणाले, "झाडं आमची, विहीर आमची, पंचनामा आमच्या दारात झाला. मग नाव आमचं का नाही?"

या प्रश्नाला आजचा कायदा दोन ओळींत उत्तर देतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. परंतु ही नोंद अशी का झाली याचे उत्तर दोन ओळींत मिळत नाही. त्यासाठी फेरफार नोंदी एकेक करून मागे जाव्या लागल्या, पुढे आकारफोड, म्हणजे पोटहिस्से आणि त्यांचा आकार यांचा तक्ता, पाहावी लागली, आणि शेवटी मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांना सोबत घेऊन गावच्या बोटखताची, म्हणजे इंग्रजी अमलात लिहिलेल्या कुळांच्या नोंदीची, नक्कल काढावी लागली. या चौदा गुंठ्यांचा निकाल २०२० मध्ये लागला नव्हता आणि १९५७ मध्येही लागला नव्हता. तो इंग्रजी अमलातील एका नोंदीने लावून ठेवला होता, ही माझी खात्री त्या वाचनातून झाली.

खोत इंग्रजांनी निर्माण केला नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा हा मध्यस्थ आदिलशाहीपासून कोकणात होता, पेशवाईत तो होता, आणि त्याच्या हातून होणारी वेठही तेव्हापासूनची आहे. जुना काळ गोड होता असे म्हणणाऱ्याने कुळाच्या घरात बसून ते म्हणून पाहावे. पण त्या जुन्या व्यवस्थेत खोताचा हक्क नेमका काय, तो जमिनीचा धनी की नुसता वसुली करणारा, हे कायमचे ठरलेले नव्हते. दुष्काळ पडला, कुळे उठून शेजारच्या गावात गेली, की खोताला नमते घ्यावे लागे. पडीक वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, फोडायला माणूस हवा असला की सवलतीचा करार होई. हक्क सनदेवर जसा होता तसाच ओढाताणीवर आणि गावच्या वहिवाटीवरही अवलंबून होता.

बाणकोटचा किल्ला १७५६ पासून ईस्ट इंडिया कंपनीकडे होता. बाकीचे बहुतेक दक्षिण कोकण पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये तिच्याकडे आले, आणि त्या जिल्ह्याचे पहिले ठाणे १८२२ पर्यंत बाणकोटलाच होते. देशावर इंग्रजांनी पुढे रयतवारी पद्धत बसवली, म्हणजे मोजणी करून प्रत्येक शेताचा आकार ठरवला आणि तो थेट शेतकऱ्याकडून घेतला. कोकणात मात्र खोत मध्ये उभा होता. त्याला हटवावे की ठेवावे, आणि ठेवला तर कुळाकडून त्याने किती घ्यावे, यावर सरकारातच अनेक वर्षे वाद चालला. मोजणी अधिकारी विंगेटने १८५१ मध्ये खोतीवर अहवाल दिला. पुढे मोजणी खात्याने उत्तरेकडील तालुक्यांत कुळांनी खोताला द्यावयाची रक्कम स्वतः ठरवून देण्याचा प्रयत्न केला, तेव्हा खोतांनी जोरदार विरोध केला. दापोली तालुक्यातील मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हे स्वतः खोत घराण्यातील, मोठे कायदेपंडित आणि मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद. त्यांनी खोतांची बाजू विद्वत्तेने मांडली. लोकमान्य टिळकांचे घराणेही चिखलगावच्या खोतांचे होते आणि खोतांच्या हक्कांना हात घालणाऱ्या सरकारी प्रयत्नांना पुढे त्यांनीही विरोध केला. परक्या सत्तेशी झुंजणारी माणसे या एका बाबतीत कुळाच्या समोरच्या बाजूला उभी होती, हे कोकणच्या इतिहासात झाकून ठेवण्याचे कारण नाही.

या वादातून १८८० चा खोती कायदा निघाला. त्याने खोताचा हक्क मान्य केला आणि कुळांची वर्गवारी केली. जे कूळ १८४५-४६ या महसुली वर्षापासून जमीन सलग धारण करीत असल्याचे ठरेल ते कायम वहिवाटीचे, त्याला वारसाने हक्क मिळेल, मात्र खोताच्या संमतीवाचून त्याला तो दुसऱ्याला देता येणार नाही. ज्याला हे ठरवून घेता आले नाही ते साधे कूळ, म्हणजे खोताच्या मर्जीवर कसणारे. ही वर्गवारी मोजणी अधिकाऱ्याने गावोगावी लिहून काढली आणि त्या लिखाणाला बोटखत म्हणू लागले. कोणत्या शेतावर कोण, त्याने खोताला काय द्यायचे, अर्धेल (निम्मे पीक) की तिर्धेल (तिसरा हिस्सा), हे सगळे त्यात आले. सर्वांत महत्त्वाची बाब पुढची आहे. रीतसर झालेली ही नोंद त्या देण्याचा निर्णायक आणि अंतिम पुरावा मानली जाईल, असे कायद्यातच लिहिले होते. पस्तीस वर्षांपूर्वीच्या वहिवाटीचा दाखला ज्याने द्यायचा तो कुणबी किंवा महार शेतकरी निरक्षर होता, आणि वसुलीचे कागद बहुधा खोताच्याच माडीवर, खोताच्याच कारकुनाच्या हातचे. ज्याच्याविरुद्ध दावा सांगायचा त्याच्याच घरातून पुरावा आणायचा, अशी ती परिस्थिती होती.

अप्पांच्या शेताची ओळ मोडीत वाचून दाखवली गेली तेव्हा मी तिथे होतो. जाड, पिवळट कागद होता, शाई तपकिरी झालेली, आणि ओळ बोटभर लांबीची. अप्पांच्या पणजोबांच्या बापाचे नाव, शेताचा नंबर, 'अर्धेली', आणि पुढे कायम वहिवाटीचा उल्लेख नाही. त्या घराची समजूत अशी, की आमचे लोक 'बंडाच्या आधीपासून', म्हणजे १८५७ च्या आधीपासून, या शेतात आहेत. ती समजूत खरी असेल किंवा दोन-चार वर्षांनी चुकलेलीही असेल, मला ते आज ठरवता येत नाही. तेव्हाही त्या माणसाला कोणी नीट विचारले असेल असे मला वाटत नाही, कारण त्या पानावरील बावीस नावांपैकी एकोणीस साधी कुळे आहेत, आणि एका वाडीतील इतकी माणसे सगळी अलीकडेच आलेली असावीत यावर विश्वास बसत नाही.

अर्धेल म्हणजे निम्मे पीक, एवढ्यावर तो व्यवहार थांबत नसे. भात कापणीला येण्याआधी खोताचा माणूस बांधावर येऊन उभ्या पिकाचा अंदाज बांधी. याला अभावणी म्हणत. त्या अंदाजाने देणे ठरे. नंतर परतीच्या पावसात लोंब्या भिजल्या तरी अंदाज बदलत नसे. ठरलेले भात कुळाने स्वतः वाहून खोताच्या घरी घालायचे. शिवाय नांगरणीला, लाकूडफाट्याला, लग्नकार्याला वेठ होतीच. कुळाचे खोपटही बहुधा खोताच्याच जमिनीवर, त्यामुळे तक्रार केली तर शेताबरोबर घरही जाण्याची भीती. भातशेतीचा तुकडा लहान, वरकसावर नाचणी-वरी, आणि निम्मे पीक आधीच गेलेले, अशा घराला वर्षाचे चार-पाच महिने पुरेल इतकेही धान्य उरत नसे.

मग माणसे मुंबईला गेली. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहराच्या पावणेबारा लाख वस्तीत दोन लाखांहून अधिक लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, म्हणजे जवळजवळ पाचात एक. पोस्टाने मनिऑर्डरची सेवा स्वतःकडे घेतली ती १८८० मध्ये, खोती कायद्याच्याच वर्षी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही, पण अप्पांच्या घराचा पुढचा सगळा जमाखर्च या दोन गोष्टींत मावतो. एका कायद्याने शेतातले निम्मे बाहेर नेले आणि पोस्टमन गिरणीतले थोडे घरात आणीत राहिला. इंग्रजी अमलात १८६३ मध्येच बोरघाटावरून आगगाडी चढली. कोकणाला मात्र पूर्ण रेल्वेसाठी २६ जानेवारी १९९८ पर्यंत थांबावे लागले, तोवर बोटी आणि नंतर एस.टी. यांवर माणसे ये-जा करीत राहिली. गिरण्यांना हात हवे होते आणि ते कोकणातून आपोआप येत होते. या किनाऱ्यावर उद्योग आणण्याची निकड त्या राजवटीला कधी वाटली नाही.

हे चौदा गुंठेही तोवर नुसते भातखाचर होते. त्याचे आगर अप्पांच्या वडिलांच्या परळमधल्या पगारावर झाले. विहीर खणली, चिरे आणून बांधली, पोफळी लावल्या. खोत घराण्याने त्याला हरकत घेतली नाही, हेही नोंदवले पाहिजे. पण लेखी परवानगीही दिली नाही, आणि मागावी हे कोणाला सुचले नाही.

खोती जावी यासाठी कोकणी शेतकरी झगडलाच नाही असे कोणी समजू नये. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये सुरू झालेला संप जवळजवळ सहा वर्षे चालला. त्या काळात कुळांनी जमिनी पेरल्या नाहीत, लाकडे विकून, मोलमजुरी करून दिवस काढले, पण माघार घेतली नाही. ज्यांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात आहे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. ते विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये झाला आणि १९५० मध्ये अमलात आला.

पण तो कायदा हातात घेऊन वाचला की जुनी रेघ पुन्हा दिसते. खोतीचा हक्क गेला, हे खरे. कायम वहिवाटीच्या कुळांना सरकारात रक्कम भरून थेट भोगवटादार होण्याची वाट मिळाली, हेही खरे. ज्या जमिनीवर साधे कूळ होते तिथे मात्र भोगवटादार म्हणून खोतच राहिला आणि कूळ त्याचे कूळ राहिले. कोण कायम आणि कोण साधे हे कशावरून पाहायचे, तर बोटखतावरून आणि त्यातून उतरत आलेल्या हक्कनोंदीवरून. परकी सत्ता गेली होती, तिचे पुस्तक मात्र कचेरीच्या कपाटात प्रमाण म्हणून राहिले होते.

पुढची पायरी कुळकायद्याची. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले आणि कलम ३२ ग खाली किंमत ठरवून, ती भरून घेऊन ३२ म चे प्रमाणपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. हा महाराष्ट्रातील अत्यंत मोठा आणि न्याय्य कायदा होता, लक्षावधी घरे त्याने उभी केली. याच वाडीतील दुसऱ्या पाच घरांकडे ३२ म ची प्रमाणपत्रे आहेत आणि ती देव्हाऱ्याशेजारी काचेत लावलेली मी पाहिली आहेत. अप्पांच्या चौदा गुंठ्यांना मात्र अपवाद लागू झाला. खोत घराण्यातील ज्या वाटणीत ही जमीन होती, ती १९५७ मध्ये एका विधवा स्त्रीच्या नावे होती. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असल्यास कलम ३२ फ प्रमाणे कुळाची खरेदी पुढे ढकलली जाते, आणि ती अडचण संपल्यावर ठरलेल्या मुदतीत कुळाने स्वतः कळवून खरेदीचा हक्क बजावावा लागतो.

या अपवादाला मी दोष देऊ शकत नाही. तरुणपणी वैधव्य आलेल्या, दुसरे उत्पन्न नसलेल्या बाईची जमीन एकदम जाऊ नये, ही कायद्याची दृष्टी माणुसकीचीच होती. या प्रकरणात मात्र एका दुबळ्याचे रक्षण दुसऱ्या दुबळ्याच्या मुळावर आले. त्या बाईंचे निधन झाले तेव्हा अप्पांचे आजोबा हयात नव्हते, वडील गिरणीत होते, अप्पा स्वतः लालबागच्या एका खोलीत इतर अकरा जणांबरोबर राहून बदली कामगार म्हणून हजेरी लावत होते, आणि घरी आजी व आई. मुदत केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली हे त्या घरातील कोणालाही कळले नाही. आईने दर वर्षी सुपारी उतरवली, खोतांच्या घरी ठरलेला वाटा पोचवला, आणि पोचवल्याची पावती मागितली नाही. शेवटचा वाटा गेला त्याला तीस वर्षे झाली. नंतर घेणारेच गावात राहिले नाहीत. जानेवारी १९८२ च्या गिरणी संपानंतर अप्पा कायमचे वाडीत परतले ते या आगराच्या भरवशावर.

काही अभ्यासू मंडळी म्हणतात की इंग्रजी अमलाने निदान नोंद तरी आणली, हक्क कागदावर आला, मनमानी थांबली. ज्यांचे पूर्वज धारेकरी म्हणून थेट सरकारात धारा भरत होते किंवा ज्यांची नावे कायम वहिवाटीत लागली, त्यांच्यापुरते ते खरे आहे. माझा आक्षेप नोंद करण्याला नाही. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती, तिने तेहतीस गुणिले तेहतीस फुटांचा गुंठा ठरला आणि आजही आपण तोच मोजतो. ती साखळी खोताच्या आणि कुळाच्या शेतात सारखीच लांब होती. पण त्या गुंठ्यापुढे नाव कोणाचे लिहायचे हे ठरवताना सरकारला पाहायचे होते ते वसुलीची हमी कोण देतो हे, घाम कोण गाळतो हे नव्हे. त्या सोयीसाठी केलेल्या निवडीला पुढे अंतिम पुराव्याचे बळ दिले गेले. वहिवाट जिवंत असताना बदलू शकली असती. लिहिलेली ओळ बदलायला त्यानंतर वकील, मुदत आणि साक्षर वारस, तिन्ही एकाच वेळी असावे लागले.

वादळानंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. खाते सामाईक असल्याने मदतीसाठी सर्व कब्जेदारांची संमतीपत्रे हवी होती. एकतीस नावांपैकी नऊ जण मयत निघाले, त्यांच्या वारसांची नोंद नाही. काही मुंबई-पुण्यात, दोन घरे परदेशात, सहा जणांचा काहीच ठावठिकाणा नाही. खोत घराण्यातील पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका फोनवर म्हणाल्या, "तुम्ही कागद पाठवा, मी आजच सही करते. त्या आगरात आमचं काही नाही हे मला सासूबाईंनीच सांगितलं होतं." त्यांचे संमतीपत्र चार दिवसांत आले. त्यांच्यासह एकूण सात आली. त्या घराण्याचेही या कागदाने भले केलेले नाही: त्यांच्यापैकी कोणाला आपला वाटा विकता येत नाही, वेगळा करता येत नाही, आणि चौसोपी वाड्याची एक बाजू त्याच सामाईकीत कोसळून गेली आहे. ७ हजार रुपयांसाठी उरलेल्या सह्या गोळा करण्याचा खर्च त्याहून अधिक झाला असता. मदतीची मुदत संपली.

आता काय करता येते, त्याचा प्रयत्न चालू आहे. आजोबांच्या जागी वारसांची नोंद व्हावी म्हणून अर्ज दिला, ती फेरफार नोंद मंजूर झाली. कुळकायद्याच्या कलम ७० ब खाली अप्पा हे कूळ असल्याचे ठरवून मिळावे म्हणून तहसीलदारांपुढे दावा दाखल आहे. त्यात बोटखताची नक्कल, १९५० च्या दशकातील पीकपाहणीचे उतारे, शेजारच्या तीन घरांचे जबाब आणि शिक्षिकाबाईंचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. मुदत टळल्याचा प्रश्न त्यापुढे उभा राहणारच आहे आणि तो अवघड आहे. एकतीस प्रतिवादींना नोटिसा बजावण्यातच दोन वर्षे गेली, कारण पत्ते नव्हते आणि मयतांचे वारस आधी शोधावे लागले.

मधल्या काळात सातबाऱ्याचा नमुना बदलला. नव्या उताऱ्यावर शासनाचे बोधचिन्ह आणि डिजिटल स्वाक्षरी आहे, अक्षरे स्वच्छ आहेत. 'इतर हक्क' मध्ये आता आजोबांऐवजी अप्पा, त्यांचे दोन भाऊ आणि एक बहीण अशी चार नावे आहेत, आणि त्यांच्या आधी 'साधे कुळ' हे शब्द जसेच्या तसे आहेत. गेल्या पावसाळ्यात अप्पांनी विहिरीच्या बाजूने साठ पोफळी नव्याने लावल्या. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. रोपांच्या मुळाशी झावळ्यांची सावली करताना त्यांनी मला पुढची तारीख विचारली, आणि ती मी त्यांच्या सांगण्यावरून विहिरीजवळच्या खोपीच्या दारावर खडूने लिहून दिली.